उजव्या रांगेतली सतरा मुलं

रविवारी दुपारी, बिशपांची गाडी फाटकाबाहेर पडून दहा मिनिटं झाली असतील नसतील, बाईंनी हात पुसायला रुमाल हवा म्हणून एप्रनच्या खिशात हात घातला. हाताला लागलं ते रेशमी टोपरं. चांदीच्या लहान भांड्यावर घालतात ते. बाई होत्या तिथंच, कपाटाला टेकून, उभ्या राहिल्या.

आता कोणी म्हणेल, एवढंसं टोपरं, त्यात काय? तर ते आधी सांगायला हवं, कारण पुढचा सगळा जीवघेणा आठवडा त्या टोपऱ्यापायी झाला. मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, सुरू व्हायच्या आधी वेदीच्या बाजूच्या टेबलावर झाकलेली भांडी मांडून ठेवतात. त्यांत पिठाच्या पातळ पांढऱ्या चकत्या असतात. मिस्सेच्या मध्यावर ती भांडी वेदीवर न्यायची, टोपरी तिथं काढायची आणि घडी करून वेदीच्या कोपऱ्यात ठेवायची. मग धर्मगुरू प्रार्थना म्हणतात आणि त्या चकत्यांचा ख्रिस्तप्रसाद होतो. जे भांडं वेदीवर गेलंच नाही, त्यातली चकती ही नुसती चकती. पीठ आणि पाणी. बाईंच्या लेखी या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर होतं, आणि ते अंतर राखण्याचं काम त्या बेचाळीस वर्षं करत होत्या.

टोपरं वेदीच्या कोपऱ्यात असायला हवं होतं. ते त्यांच्या खिशात होतं, म्हणजे त्यांनीच काढलं होतं. कुठं? टेबलापाशी. आता लख्ख आठवलं. प्रसाद वाटायच्या वेळी बिशपांनी मोठं भांडं उचललं, फादरांनी मागं न बघताच हात पुढे केला. टेबलावर काहीतरी चकाकताना दिसलं म्हणून बाईंनी घाईघाईनं ते उचललं, टोपरं काढून खिशात कोंबलं आणि भांडं फादरांच्या हातात दिलं. कोणीतरी ते वेदीवरून आणून परत इथं ठेवलं असेल, असं त्या क्षणी वाटलं होतं. प्रत्यक्षात ते तिथून हललंच नव्हतं.

आणि दिवस कुठला? तर पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा, आयुष्यात एकदाच येतो तो. तिसरीतली तेहतीस मुलं, वर्षभर बाईंनीच तयार केलेली, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत. डाव्या रांगेत सोळा, ती बिशपांपुढे. उजव्या रांगेत सतरा, ती फादरांपुढे. लहान भांड्यात बाईंनी मोजून सतराच चकत्या घातल्या होत्या. त्या संपल्या. आईबापांना, आजी-आजोबांना मग मोठ्या भांड्यातून प्रसाद मिळाला. म्हणजे भरल्या चर्चमधून कोरडी परत गेली ती नेमकी ती सतरा मुलं, ज्यांच्यासाठी सगळा घाट घातला होता ती.

बाईंनी टोपऱ्याची घडी केली, मोडली, पुन्हा केली. बाहेर अंगणात फोटो चालले होते. एक आई ओरडत होती, "अरे हसा ना, फादर काय चावणार आहेत का!" सगळे हसले. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

बाईंना सगळे बाईच म्हणत. मुलं मात्र पाठीमागे 'गप्पबाई' म्हणायची, कारण चर्चच्या दारात पाऊल टाकलं की बाईंचा पहिला शब्द तोच. शाळेत त्या तिसरीला धर्मशिक्षण द्यायच्या आणि चर्चमध्ये वेदीमागची खोली, म्हणजे सॅक्रिस्टी, सांभाळायच्या. वेदीवरची कापडं, मेणबत्त्या, भांडी, फुलं, सगळं त्यांच्याकडे. तिथली किल्ली त्यांच्या गळ्यातल्या दोरीला असायची. भावजय म्हणायची, ताई आंघोळ करतानासुद्धा ती काढत नाहीत. ते खरं नव्हतं, पण फारसं खोटंही नव्हतं.

हे चर्च मुळात साबणाच्या कारखान्याचं गोदाम. पंचाहत्तर वर्षांपूर्वी एका फादरांनी आणि दोन सिस्टरांनी ते भाड्यानं घेतलं. पहिली काही वर्षं भिंती धुतल्या की फेस यायचा असं जुनी माणसं सांगत. त्यातलं खरं किती आणि चढवलेलं किती, देव जाणे. आसपासच्या खोल्यांतून छापखान्याचे कामगार, शिंपी, ड्रायव्हर, नर्स अशी मंडळी राहायची. त्यांच्या मुलांना शाळा हवी होती आणि शाळेला जागा नव्हती, म्हणून शाळाही गोदामातच भरायची. आठवडाभर वेदीपुढे जाड निळा पडदा ओढलेला असायचा आणि समोरच्या भिंतीवर फळा. बाकांच्या पाठी बिजागऱ्यांवर बसवल्या होत्या. पाठ इकडून तिकडे ढकलली की वेदीकडे तोंड असलेलं बाक फळ्याकडे तोंड करायचं. शनिवारी दुपारी मोठ्या वर्गानं सगळ्या पाठी फिरवून शाळेचं चर्च करायचं, हा नेम.

एका शनिवारी शेवटची तीन बाकं राहिली. म्हातारी माणसं हमखास मागं बसतात. रविवारी पहाटेच्या अंधुक उजेडात ती आपापल्या जागी टेकली, मिस्सा सुरू झाली ती पाठीमागून, आणि उठून वळायचं धाडस कोणाला होईना. बाराच्या पाढ्याकडे तोंड करून बिचाऱ्यांनी अर्धी मिस्सा ऐकली. आज ही गोष्ट सांगून लोक पोट धरधरून हसतात. त्या वेळी मोठ्या सिस्टरांना हसू आलं नव्हतं. त्यांनी विचारलं, कोण विसरलं? कोणी बोललं नाही. मग मोठ्या वर्गाला आठवडाभर शाळा सुटल्यावर तासभर उभं केलं.

विसरल्या होत्या बाई. चौथीत होत्या त्या. हौसेनं मदतीला थांबल्या होत्या, आणि मागची तीन बाकं कोणीतरी त्यांना सोपवली होती. ज्या मुलीनं सोपवली तिला पुढे ते आठवलंही नाही. बाईंनी अळीमिळी गुपचिळी केली. त्या रोज दप्तर घेऊन उभ्या असलेल्या मोठ्या मुलींसमोरून घरी जायच्या. तेव्हापासून त्यांच्या जिवाला एकच घोर: आपल्या हातून काही राहून तर नाही ना गेलं? दारातून माघारी फिरून कुलूप ओढून बघायचं, विझवलेली मेणबत्ती पुन्हा चिमटीत धरायची. लोकांना ती शिस्त वाटायची. ती भीती होती.

पुढे त्यांच्या आईनं वेदीची कापडं धुवायचं काम धरलं, आईनंतर ते बाईंकडे आलं, आणि कापडांमागोमाग किल्ली. शाळेनं शेजारची जागा घेतली, एक मजला, दुसरा, तिसरा. सिस्टर म्हाताऱ्या होऊन निघून गेल्या. दोन वर्षांपूर्वी शाळेवर चौथा मजला चढला आणि सॅक्रिस्टीच्या एकुलत्या एका खिडकीतला उजेड गेला. चौथ्या मजल्यानं चर्चचा उजेड खाल्ला, असं बाई येईल त्याला सांगायच्या. ते खरंच होतं. पण रस्त्यावरचा उजेड काही चौथ्या मजल्यानं खाल्ला नव्हता, आणि बाईंना हल्ली समोर उभ्या बसचा नंबरही वाचता येत नव्हता.

दर मिस्सेला त्या दाराआडून वेदीवरच्या चकाकत्या वस्तू मोजायच्या. या रविवारी तीन हव्या होत्या: पेला, मोठं भांडं, लहान भांडं. तीन दिसल्याही होत्या. तिसरी बहुतेक फुलदाणी असावी.

घरी आल्यावर भावजयीनं ताट वाढलं. बाई घास नुसता फिरवत बसल्या.

"ताई, चेहऱ्यावर बारा का वाजलेत? एवढा चांगला कार्यक्रम झाला."

"दमले गं."

"दमलात की डोळे? परवा चहात मीठ घातलंत तुम्ही. मी मुकाट प्यायले."

"मग बोलली का नाहीस?"

"आधी वाटलं, मुद्दाम घातलंत."

एरवी बाई हसल्या असत्या. आज त्यांना वाटलं, हिला कळलंय, म्हणजे उद्या सगळ्यांना कळेल. फादर दोनच वर्षांपूर्वी आलेले, तरुण, कामाला वाघ. पंचाहत्तरीचा सोहळा झाला की बाई तुम्ही आराम करा, असं ते दोनदा म्हणाले होते. डोळ्यांचं कळलं तर सोहळ्यापर्यंतही थांबणार नाहीत. आणि किल्ली गेल्यावर बाईंनी करायचं काय? भावाच्या घरातल्या खाटेवर बसून खिडकीकडे बघायचं, तेही नीट न दिसणाऱ्या.

मंगळवारी विज्ञानाचे मास्तर वही घेऊन आले. मास्तर निवृत्त झाले होते, पण तपासायची सवय निवृत्त झाली नव्हती. धर्मग्रामाचा, म्हणजे या चर्चच्या सगळ्या मंडळींचा, आणि शाळेचा इतिहास लिहायचं काम फादरांनी त्यांना दिलं होतं. त्यांनी घसा साफ करून वाचून दाखवलं, "'बेचाळीस वर्षांत बाईंच्या हातून एकही चूक झाली नाही.'"

"एवढं नका लिहू मास्तर."

"विनय पुरे. पुराव्याशिवाय मी ओळ लिहीत नाही. वीस जणांना विचारलं, बाईंची एखादी चूक सांगा. एकालाही सांगता आली नाही." त्यांनी पान उलटलं. "बाकांचा किस्सा घेतलाय तिसऱ्या पानावर. विसरलं कोण ते तेवढं सापडत नाही. तुम्ही होतात ना तेव्हा शाळेत? काही आठवतं?"

"लहान होते मी," बाई म्हणाल्या. खाई त्याला खवखवे म्हणतात. त्यांनी उगीचच पाण्याचा तांब्या उचलून दुसरीकडे ठेवला. मास्तर गेल्यावर त्या बराच वेळ कापडाच्या घड्या घालत राहिल्या, घातलेल्याच.

बुधवारी मधल्या सुट्टीत सॅक्रिस्टीच्या दारात तिसरीतली एक मुलगी येऊन उभी राहिली. वर्षभरात हिनं इतके प्रश्न विचारले होते की बाईंनी तिचं नावच 'प्रश्नपत्रिका' ठेवलं होतं. आज तिचं तोंड उतरलं होतं.

"बाई, कोणाला सांगणार नाही ना?"

"काय झालं?"

"मला काहीच वाटलं नाही. रविवारी. तुम्ही म्हणाला होतात, आत दिवा लागल्यासारखं वाटतं. मी संध्याकाळपर्यंत वाट बघितली."

 कुठून वाटणार होतं पोरीला? पिठाची चकती खाऊन कोणाच्या आत दिवा लागतो?

"माझंच चुकलं," मुलगी पुढे म्हणाली. "तुम्ही सांगितलं होतं, तासभर आधीपासून काही खायचं नाही. मी गाडीत बिस्कीट खाल्लं. म्हणजे अर्धं. म्हणून नसेल ना लागला?"

बाईंनी विचारलं, "तू कुठल्या रांगेत होतीस?"

"डाव्या. बिशपांच्या."

बाई खालीच बसल्या. म्हणजे हिला खरा मिळाला होता!

"आणि माझ्या मावसभावाला तर रडू आलं," मुलगी कळवळून म्हणाली. "एवढं भारी वाटलं म्हणाला. तो फादरांच्या रांगेत होता."

हसावं की रडावं, बाईंना कळेना. ज्याला काही मिळालं नाही तो भरून पावला आणि जिला मिळालं ती रिकामी फिरते आहे. आणि मग, कबूल करायला हवं, त्यांच्या मनात एक लबाड विचार आला. फरक कोणालाच कळत नाही. मुलांना नाही, आईबापांना नाही, खुद्द बिशपांना नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांना छातीवरचं ओझं जरा हलकं वाटलं.

"बाई, मला फादरांना सांगायला हवं ना? बिस्किटाचं?"

"भीती वाटते?"

"खूप. पण नाही सांगितलं तर ते माझ्या पोटातच राहणार."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. चेहरा धूसर होता, दोन वेण्या तेवढ्या दिसत होत्या. पंचावन्न वर्षं पोटात राहिलेलं काय असतं, हे या पोरीला कोणी शिकवलं? बाईंनी कपाट उघडलं, टोपरं घेतलं आणि म्हणाल्या, "चल. दोघी जाऊ."

फादरांच्या ऑफिसात आधी बिस्किटाची सुनावणी झाली. फादरांनी गंभीरपणे विचारलं, अर्धं म्हणजे केवढं? मुलीनं बोटांनी दाखवलं. देव इतका चिकट नाही, ते म्हणाले, खेळायला पळ. ती दारापर्यंत गेली आणि वळली.

"बाई, तुम्हाला वाटलं होतं का? तुमच्या वेळी? दिवा?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"मग आम्हाला कशाला सांगितलंत?"

"मला आमच्या सिस्टरांनी सांगितलं होतं."

मुलीनं यावर क्षणभर विचार केला आणि उड्या मारत गेली. फादर हसत म्हणाले, "आणि तुमचं काय बाई? तुम्हीही बिस्कीट खाल्लंत?"

बाईंनी टोपरं टेबलावर ठेवलं. "हे रविवारी दुपारी माझ्या खिशात सापडलं."

फादरांना दुसरं काही सांगावं लागलं नाही. ते उठले, दार लावलं. "कोणाला बोललात?"

"कोणालाच नाही."

"चूक माझीही आहे. मी हात पुढे केला, बघितलं नाही." ते येरझारा घालू लागले. "बाई, असं बघा. येत्या रविवारी ती मुलं मिस्सेला येणारच. रांगेत उभी राहणारच. चार दिवसांत सगळं आपोआप नीट होतंय. आता गाजावाजा केला तर आईबाप काय म्हणतील? बिशप काय म्हणतील? महिन्यावर सोहळा आलाय."

हे खोटं नव्हतं. पाप म्हणावं असंही नव्हतं. बाई हेच ऐकायला आल्या असत्या तर पेढ्यासारखं गोड लागलं असतं.

"मग फादर, त्यांचा पहिला कुठला?"

फादर थांबले.

"ती मुलं म्हातारी होतील. नातवंडांना सांगतील, माझा पहिला प्रसाद, बिशप आले होते. आणि तसं नव्हतं हे फक्त तुम्हाला आणि मला माहीत असणार. मला नाही झेपायचं. एकदा केलंय मी असं. तीन बाकांचं. अजून उतरत नाही."

मग त्यांनी बाकांचं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा. फादर ऐकत राहिले.

"लोक विचारतील, झालं कसं," ते शेवटी म्हणाले.

"डोळ्यांमुळे झालं म्हणून सांगायचं."

"किती दिसतं तुम्हाला?"

"माणूस दिसतो. तुम्ही आत्ता रागावलात की रडताय ते नाही दिसत."

फादर खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. "रागावलो नाहीये," ते म्हणाले.

शनिवारी सकाळी सतरा मुलं आणि त्यांचे आईबाप चर्चच्या पुढच्या बाकांवर बसले. फादर म्हणाले होते, मी सांगतो. बाई म्हणाल्या, नको. त्या वेदीच्या पायरीखाली उभ्या राहिल्या. आणि सगळं सांगितलं. भांडं वेदीवर गेलं नाही, ते मी बघायला हवं होतं, मला दिसत नाही आणि ते मी दोन वर्षं लपवलं. लहानपणी ती तीन बाकं फिरवायला विसरले, तीही मीच.

 मग एका आईनं विचारलं, कपडे पुन्हा पांढरेच घालायचे का? कोणा मुलानं आनंदानं विचारलं, म्हणजे आम्हाला दोनदा? त्याच्या आईनं त्याला चिमटा काढला. एक गृहस्थ उठून म्हणाले, "आमचे पाहुणे विमानानं आले होते! दिसत नाही अशा माणसाच्या हातात किल्ली ठेवलीच कशी?" मागून कोणीतरी त्यांना बसा म्हणालं, पण बसा एवढंच.

बाईंनी गळ्यातली दोरी काढली आणि किल्ली फादरांच्या हातात दिली. निदान एखादं कोणी राहू द्या म्हणेल, असं त्यांना वाटलं होतं. कोणी म्हणालं नाही. फार लागलं त्यांना ते. बाहेर मास्तर भेटले, दारातून सगळं ऐकलेले, वही उघडूनच. त्यांनी ते वाक्य खोडलं होतं, आणि तिसऱ्या पानावर बाईंचं नाव लिहिलं होतं. "इतिहासाच्या दृष्टीनं फार मोलाची माहिती दिलीत," ते म्हणाले. मास्तरांकडून सांत्वन एवढंच मिळायचं.

रविवारी बाई बेचाळीस वर्षांनी पहिल्यांदा लोकांत बसल्या. शेवटच्या बाकावर. एप्रन नव्हता, म्हणून हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. सकाळी भावजयीनं न विचारताच डोळ्यांच्या डॉक्टरांची मंगळवारची वेळ घेऊन टाकली होती. वेदी लांबवर पिवळ्या डागासारखी दिसत होती. उजव्या बाजूला पांढऱ्या कपड्यांतली सतरा मुलं असणार, नुसताच एक पांढरा पट्टा. सॅक्रिस्टीच्या दाराआड आज दुसरं कोणीतरी उभं होतं. मिस्सा मध्यावर आली. नेलं का? काढलं का टोपरं? त्या बाकाच्या कडेला आल्या, मान लांब केली. काही उपयोग नव्हता.

शेजारी कोणीतरी येऊन बसलं. दोन वेण्या.

"आई पुढे आहे," मुलगी कुजबुजली. "तुम्हाला दिसत नाही ना? मी सांगू?"

"गप्प," बाई सवयीनं म्हणाल्या. मग राहवेना. "वेदीवर किती आहेत बघ. चकाकणाऱ्या."

मुलगी बाकावर गुडघे टेकून उंच झाली. बोट नाचवत तिनं मोजलं. "चार."

बाईंनी तिचा फ्रॉक ओढला. "नीट मोज."

मुलीनं पुन्हा मोजलं, सावकाश, एकेका वस्तूवर बोट धरून.

"तीन, बाई. चौथी फुलदाणी आहे."